आईंची हरकत

परळला आमच्या चाळीजवळचा रेल्वेवरचा जुना पूल पाडून नवा मोठा पूल होणार, त्याचा नकाशा वॉर्ड ऑफिसात लागला आणि माझं डोकंच फिरलं. गाड्यांची सगळी सोय होती. माणसाला चढायला जिना नव्हता, पायी जाणाऱ्याने लांबच्या वळशाच्या रस्त्याने जायचं. माझ्या सासूबाईंचं डायलिसिस पलीकडच्या हॉस्पिटलात, आठवड्यातून दोनदा. एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले नाक मुरडतात, म्हणून आम्ही दोघी पुलावरून चालतच जायचो. जिना नाही तर त्यांचं जाणं बंद. जाणं बंद म्हणजे काय, हे घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं.

मंजुरीआधी सरकार लोकांच्या हरकती मागवतं. चाळीच्या सेक्रेटरींनी झकास अर्ज लिहिला, झेरॉक्स काढल्या, घरोघर सह्या घेतल्या. मी गठ्ठा घेऊन गेले, तर कारकून म्हणाला, "मजकूर एकच ना? मग ही एकच हरकत धरणार."

"अहो, अख्खी चाळ आहे ही!"

"चाळ असेल मॅडम. हरकत एक."

अस्सा संताप आला! पण मुदतीला दोनच दिवस उरलेले. घरी येऊन कोरे कागद वाटले. म्हटलं, ज्याचं त्याने लिहा, शेजाऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं बघून लिहिलेले सगळे पेन चावत बसले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मात्र धडाधड सांगितलं आणि मी ते त्यांच्याच मालवणीत उतरवलं: "जुन्या पुलार मी दोनदा बसतंय. तुमच्या वळशाच्या रस्त्यार बसाक जागाच नाय. माका जिनो व्हयो."

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "पर्यायी रस्ता आहे की, आजी."

"मगे चला माझ्यावांगडा," आई म्हणाल्या.

सगळा हॉल हसला. साहेब हसले नाहीत. डायलिसिसच्या दिवशी खरंच आले, आणि आम्ही त्या वळशाच्या रस्त्याने निघालो. फुटपाथभर बाइका लावलेल्या. आई दर थोड्या पावलांनी थांबायच्या, उभ्यानेच, माझ्या खांद्यावर भार टाकून. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. अर्ध्यावर त्यांनीच टॅक्सी थांबवली.

काही महिन्यांनी पत्र आलं. हरकत मान्य! सुधारित नकाशात जिना, लिफ्ट, बसायला बाकडी. आणि नवा पूल होईपर्यंत जुना पाडणार नाहीत, त्यावरून पायी जाणं चालू राहणार. मी गॅलरीत जाऊन बोंबललेच, "जिंकलो रे!" खालून कुणीतरी ताशा बडवायला लागलं. कारकुनाच्या टेबलावर ते पत्र नाचवून यावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आईंनी ते दोनदा वाचून घेतलं. ह्याच बाई दर खेपेला सुई टोचताना म्हणायच्या, "पुरे झाला गो आता, सोड माका."

"पूल कधी होतलो?" त्यांनी विचारलं.

"तीन-चार वर्षं तरी, आई."

"मगे तवसर जगाक व्हया माका," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या डायलिसिसची फाइल स्वतःच पिशवीत भरायला लागल्या.