गोचिडाचं बारसं

चहा ओता, पण मला शांत व्हायला सांगू नका. सन्मान करायला गेलो आणि शिव्या खाऊन आलो, असा माणूस अख्ख्या गोंदियात मी एकटाच असेन.

तुम्हाला माहीतच आहे, मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. अर्जुनी मोरगावकडच्या एका गावाच्या तलावात मला पाण्यातला कोळी सापडला. टाचणीच्या डोक्याएवढा, लालबुंद, जगात कुठेही नोंद नसलेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पायांवरचे केस बघता बघता माझी मान कायमची वाकडी झाली. नव्या जातीला नाव शोधणाऱ्यानं द्यायचं असतं. म्हटलं, गावाचं देऊ. कोणतं गाव, ते विचारू नका. भांडण त्यावरूनच झालं.

ग्रामसभेत उभा राहिलो. 'कोळी' म्हटल्यावर लोक छताकडे जाळी शोधायला लागले. म्हणून सोपं करून सांगितलं, "गोचिडाच्या नात्यातला समजा. आता तुमच्या गावाचं नाव जगभर जाणार."

टाळ्यांची वाट पाहिली. एकही वाजली नाही.

जगभर जायला वेळ होता, पण बाजारात ते लगेच पोचलं. त्या तलावात गोचीड आहेत म्हणे. गिऱ्हाईक मासोळीला हात लावेना. मग काय, मासेमारांचे पुढारी रामाजी आणि सरपंच कुसुमताई थेट माझ्या घरी.

"काऊन जी सर," कुसुमताई म्हणाल्या, "आमच्या पूर्वजायनं तलाव बांधला, अन् तुमी तो गोचिडाचा करून टाकला?"

मीही भडकलो. "अहो, तो माशाला काही करत नाही. त्याची पिल्लं फक्त पाण्यातल्या किड्यांना चिकटतात आणि शोषतात."

"शोषते म्हणजे रक्तच पेते न. अन् त्याले आमच्या गावाचं नाव?"

"नको तर राहू द्या. बायकोचं देतो."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. "देऊन तर बघा," एवढंच म्हणाली आणि ट्रेसकट आत गेली. चहाही गेला.

"सर, तुमचंच द्या न," रामाजी म्हणाला.

"स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. वाईट दिसतं ते."

"वाईट दिसते, तं आमाले कायले देऊन राहिले होते?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या शहरात या कामातले माझे जोडीदार आहेत. त्यांना फोन केला, सगळं तुमच्याकडे पाठवतो, वाटेल ते नाव द्या. माणूस फार सज्जन. त्यांनी आदरानं माझंच नाव दिलं. छापूनही आलं.

परवा बाजारात गेलो, तर रामाजीची मासोळी भराभर खपत होती. एका बाईंनी बिचकत विचारलं, "यात गोचीड तं नाही न?"

रामाजीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तो तलावाचा नोहोय, बाई. तो या सरचा आहे."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला, चार पावलं लांब सरकल्या आणि मग निर्धास्तपणे मासोळी निवडायला लागल्या.