वजनकाट्यावर घेतलेल्या गोळ्या

"टीबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पल्मनरी टीबी, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. बरा होतो. ऐकताय ना? पूर्ण बरा होतो."

मी ऐकत नव्हतो. टेबलाच्या काचेखाली कॅलेंडरचं एक पान होतं, त्यावरच्या तारखा वाचत बसलो होतो. मग विचारलं, "नक्की मलाच?" त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. नाव माझंच होतं. मी परत विचारलं, तर त्यांनी परत फिरवला. चिडल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.

मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. स्वभाव घाबरट, कडी लावली का ते तीनदा बघणारा. गाव गोंदियाच्याही पुढं, जंगलाच्या कडेला. पवनचक्क्या उभारायच्या कामावर मजूर म्हणून वाशी तालुक्यात आलो. काम संपलं, टोळी परत गेली. मला खव्याच्या भट्टीवर काम मिळालं आणि मी राहिलो, त्याला नऊ वर्षं झाली. माझ्यासारखा कागद ज्याच्यापुढं कुणी फिरवून ठेवील, त्याच्यासाठी हे लिहितोय. माझी चूक त्यानं करू नये एवढंच म्हणणं आहे.

खोकला तीन महिन्यांपासून होता. पण खव्याच्या भट्टीवर खोकला नाही असा माणूस दाखवा. खाली लाकडं पेटलेली, वर कढईत दूध, आणि आपण दिवसभर धुरात उभं राहून ते ढवळायचं. खवा थांबत नाही. हात थांबला की बुडाला लागतो. कुणी खोकलं की दुसरा म्हणतो, "धूर लागला, गूळ खा." मीही गूळ खाल्ला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, घामानं उशी भिजायची, पँटला दोरी बांधायची वेळ आली. तरी मी धुरालाच दोष देत राहिलो.

मला दवाखान्यात ढकललं ते किसनमामानं.

किसनमामा बाजारतळावर राहतो. तिथं एक जुना वजनकाटा आहे, कडब्याच्या गाड्या तोलायचा. तो बंद पडला, पत्र्याची शेड राहिली. मामा पूर्वी गावोगाव फिरून कल्हई करायचा. लोकांची पितळी भांडी मोडीत गेली, स्टील आलं, मामाचा धंदा बसला. बायको आधीच वारली होती, घर कधी नव्हतंच. शेडमध्ये पोत्यांचं अंथरूण, एक भाता, एक कुत्रं, एवढा त्याचा संसार. कुत्र्याचं नाव किलो. पिल्लू सापडलं तेव्हा मामानं ते भाजीवालीच्या तागडीत टाकलं, बरोबर किलोभर भरलं. आता पंधरा-वीस किलोचं धूड झालंय, पण नाव तेच.

भट्टीवरून सुटलो की मी दोन भाकरी घेऊन मामाकडं जायचो. लोक म्हणायचे, काय पुण्य कमावतोय. पुण्य कसलं? मला बोलायला माणूस लागायचा, त्याला भाकरी लागायची. हिशेब बरोबर होता.

एक दिवस मामा म्हणाला, "तेरखेड्याच्या फटाक्याच्या लडीवानी खोकायलास. किलो बी दचकतंय."

"धूर हाय मामा."

"धुराचा खोकला मला सांगतो? चाळीस वरसं भात्यापुढं बसलो. धुराचा खोकला रातीला झोपतो. तुझा न्हाय झोपत. उद्या दवाखान्यात जा, न्हायतर भाकरी घिऊन येऊ नगस."

गेलो. छातीचा एक्स-रे झाला. स्प्युटम टेस्ट झाली, म्हणजे बेडक्याची तपासणी. छोट्या डबीत सकाळचा बेडका द्यायचा, थुंकी नाही, आतून खोकून काढलेला. मला पहिल्यांदा जमलं नाही, परत डबी दिली. दोन दिवसांनी तो कागद फिरला.

औषध सरकारी, फुकट. सहा महिने, रोज, वजनाप्रमाणे. माझं वजन चव्वेचाळीस भरलं, म्हणून तीन गोळ्या, विटकरी रंगाच्या. लघवी लाल होईल, घाबरू नका, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तरी झाली तेव्हा मी घाबरलोच.

आरोग्यसेविका ताई फॉर्म भरायला बसल्या. म्हणाल्या, "ट्रीटमेंट सपोर्टर कोण लिहू? म्हणजे तुम्ही रोज गोळ्या घेता का ते डोळ्यांनी बघणारा माणूस."

"किसनमामा."

"पत्ता?"

 ताईंनी पेन वर धरलं. "पत्ता नाही?"

"बंद वजनकाटा, बाजारतळ, वाशी," मी म्हणालो. "तिथं तो कायम असतो. मी खोलीवर असेन-नसेन, तो असतोच."

ताईंनी फॉर्मवर आणि माझ्या औषधाच्या कार्डावर तसंच लिहिलं. मामाला कार्ड दाखवलं तर वाचता येत नसताना त्यानं ते बराच वेळ धरून ठेवलं. "माझं नाव कुठं हाय?" म्हणाला. मी बोट ठेवलं. त्यावर त्यानं स्वतःचं बोट ठेवलं.

बातमी बाजारतळावर भट्टीच्या मालकाआधी पोचली. मालक माणूस सरळ. "बरा होऊन ये, कढई कुठं पळत न्हाय. तवर दुधाजवळ यायचं न्हाय, बास," एवढंच म्हणाले. ते बरोबरच होतं. बाजारतळावर मात्र चार दुकानदार जमले. भुसारवाले अण्णा पुढं होते.

"याला रोग कुणापासनं लागला ते काय आमाला कळत न्हाय व्हय?" अण्णा म्हणाले. "हा म्हातारा, ते कुत्रं, ती घाण पोती. उचला सगळं. रविवारच्या आत शेड मोकळी पायजे."

मामा पोती गोळा करायला वाकला. ते वाकणं बघून माझ्यातला घाबरट माणूस कुठं गेला कळलं नाही. मी मास्क नीट केला आणि म्हणालो, "अण्णा, म्हाताऱ्याची तपासणी झालीय. माझ्याजवळ बसणाऱ्या सगळ्यांची करतात, त्याला कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात. त्याचा एक्स-रे साफ आला, बेडका साफ आला. रोग त्याच्यापासनं मला नाही आला. माझ्यापासनं त्याला गेला असता. हाकलायचं तर मला हाकला."

"तू कोण आमाला शिकवणार? परगावचा माणूस."

"परगावचाच आहे. पण या माणसाचं नाव सरकारी कागदावर आहे." मी कार्ड काढलं. "पत्ता बघा. बंद वजनकाटा. सहा महिने मला गोळ्या द्यायची जबाबदारी त्याची आहे. तो हलला तर माझं औषध चुकतं. औषध चुकलं तर मी याच बाजारात खोकत फिरणार. तुम्हीच ठरवा."

अण्णांनी कार्ड हातात घेतलं नाही, लांबूनच वाचलं. "सा महिन्यानं तुझा रिपोर्ट बघू," म्हणाले. "खराब आला तर दोघं बी जायचं. कुत्र्यासकट."

"येऊ दे की साफ," मी म्हणालो. खोलीवर गेल्यावर कडी लावली का ते चारदा बघितलं. पण बोललो ते बोललो.

मग रोज सकाळी वजनकाट्यावर माझी हजेरी. पहिले दोन-तीन आठवडे मी शेडच्या बाहेर, वाऱ्यावर बसायचो, मास्क लावून. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, औषध सुरू झालं की हळूहळू आपल्यापासून लागण व्हायची भीती कमी होते. मी गोळ्या घ्यायचो, मामा म्हणायचा, "तोंड उघड. जीभ वर. गाल." कल्हई केलेलं पातेलं उन्हात धरून बघावं तसा तो बघायचा. "भांडं भाईरनं कुणी बी चमकवतं. आतनं बघावं लागतं." रिकामी झालेली पाकिटं त्यानं तारेत ओवून शेडच्या खांबाला लटकवली. किलोला रोज एक बिस्किट मिळायचं. पाकीट कुरकुरलं की ते शेपूट हलवत हजर.

दोन महिन्यांनी खोकला गेला. वजन चार किलो वाढलं, बेडका साफ आला. मालकांनी लाकडं फोडायच्या कामावर घेतलं. आणि इथंच माझं डोकं फिरलं.

गोळ्यांनी मळमळायचं. उपाशीपोटी जास्त. कुऱ्हाड उचलली की तोंडाला पाणी सुटायचं. मला वाटलं, आता बरा तर झालोच. रोजची एक घेऊ, दोन सोडू. दवाखान्यात सांगायचं धाडस नव्हतं, मामाला तर नाहीच. मामा तोंड बघायचा, मूठ बघत नव्हता. एक गोळी गिळायची, दोन मुठीत. मग शेडमागं जाऊन पुरायच्या. आता पुरायच्या तर नुसत्या पुराव्यात. पण माझ्या खिशात भट्टीवरचा खव्याचा कागद असायचा. त्यात गुंडाळून पुरल्या म्हणजे कुणाला दिसणार नाहीत, असं मला वाटलं. नऊ दिवस हे चाललं. गाव खव्याचं, कुत्रं त्याच गावचं, आणि मी खव्याच्या वासाचा कागद त्याच्या नाकाखाली पुरत होतो.

दहाव्या दिवशी मी गेलो तर मामा उभा होता. पायाशी उकरलेली माती, फाडलेला कागद. मामाच्या ओंजळीत विटकरी गोळ्या.

"सतरा हायत," मामा म्हणाला. "किती असाया पायजेत?"

मी मनात मोजलं. नऊ दुणे अठरा. "एक कमी आहे."

मामाचं तोंड पांढरं पडलं. किलो कागदाचा तुकडा चाटत होता.

आम्ही त्याला पोत्यावर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो, चालत, दोघांनी दोन टोकं धरून. तिथल्या डॉक्टरांनी पाकीट वाचलं आणि म्हणाले, "यातलं एक औषध कुत्र्याला झटके आणतं. एवढ्या मोठ्या कुत्र्याला एक गोळी म्हणजे सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत इथंच बसा."

बसलो. मी या आजारात बऱ्याच वेटिंगरूम बघितल्या, पण लिंबाखालच्या पारावरचा तो दिवस सगळ्यात लांब. किलोनं कान हलवला तरी मला झटका वाटायचा. मामा माझ्याकडं बघत नव्हता. दुपार कलल्यावर तो बोलला, तेही किलोच्या पाठीवरून हात फिरवत.

"अण्णानं मला घाण म्हणलं, तवा तू उभा ऱ्हायलास. आज पातूर कुणी उभं ऱ्हायलं न्हवतं. मी म्हणलं, आता या पोराचं भांडं मी आतनं साफ करून देतो. अन् तू मला वरनं चमकवून दावलंस."

 मी म्हणालो, "मामा, चुकलो."

"मला कशाला सांगतो? ज्यांनी गोळ्या दिल्या त्यास्नी सांग."

संध्याकाळी किलो उठला, दवाखान्यातल्या शेळीवर भुंकला. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. दुसऱ्या दिवशी शेडमागं माती चाळताना अठरावी गोळी सापडली, भिजून मऊ झालेली, दातांच्या खुणांसकट. किलोनं चावून थुंकली होती. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं असं मामा अजून म्हणतो.

मी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरबाई ओरडतील वाटलं होतं. त्यांनी पेन ठेवलं. "अर्धवट औषध घेतलं की जंतू मरत नाहीत, शिकतात. मग ड्रग रेझिस्टंट टीबी होतो, म्हणजे औषधाला दाद न देणारा. तुम्ही लपवलं असतं तर मला कळलं नसतं. मळमळतं तर मला सांगायचं, त्यावर गोळी आहे, दोन रुपयांचं दुखणं." पुन्हा बेडका तपासला, साफ होता. चुकलेले दिवस पुढं जोडून दिले. एवढंच. एवढ्यासाठी मी नऊ दिवस माती उकरली होती.

तिथून सरळ अण्णांच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं होती, ती असताना सांगितलं. "अण्णा, तुम्हाला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो. गोळ्या मी चोरून पुरल्या. मामानं पकडलं. औषध थोडं लांबलं. रिपोर्ट उशिरा येईल, पण येईल. तोवर मामा जागेवर राहणार. माझ्या चुकीपायी त्याच्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही."

अण्णांनी माप भरता भरता माझ्याकडं बघितलं. "कुणी लावला हात?" म्हणाले आणि परत ज्वारी भरायला लागले.

त्या सकाळपासून मामाची तपासणी बदलली. "तोंड उघड. जीभ वर. गाल." आणि मग, "मूठ उघड. ही बी. दुसरी बी." भर बाजारात, भाजीवाल्या बघत असताना, मी दोन्ही हात पसरून उभा राहायचो. पहिल्या दिवशी कानशिलं तापली. नंतर वाटलं, बघा की. टीबी झालेला माणूस आहे, गोळ्या घेतोय, लपवत नाही. ज्यांना लांब बसायचंय त्यांनी बसावं. मी शरमेनं घरात बसणार नाही.

शेवटचा बेडका साफ आला. वजन त्रेपन्न. डॉक्टरबाईंनी कार्डावर शिक्का मारला. ते कार्ड मी मामाला दिलं. अण्णांना दाखवायला तोच घेऊन गेला, मी नाही. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण पावसाळ्याआधी शेडवर दोन नवे पत्रे पडले. कुणी टाकले ते कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

आईला मी आजवर सांगितलं नव्हतं. बहिणीची पोर हे तिला वाचून दाखवील. आई, मी बरा आहे. इथं मला बघणारं माणूस आहे.

ज्याच्यापुढं आज कागद फिरलाय त्याला सांगतो. आजार लपवू नको. मळमळ लपवू नको. जवळचं माणूस नसेल तर जो रोज जागेवर असतो त्याचं नाव लिही, पत्ता नसला तरी. आणि त्याच्यापुढं तोंडासंगं मूठही उघड.

औषध संपून आता चार महिने झाले. मी परत कढईवर उभा राहतो. सकाळी कामाला जाताना वजनकाट्यावर थांबतो. तार अजून खांबाला आहे, वाऱ्यानं पाकिटं कुरकुरली की किलो उठून बसतो. मामा सवयीनं म्हणतो, "मूठ उघड."

मी उघडतो. तळहातावर खव्याचा ताजा गोळा असतो. अर्धा मामाचा, अर्धा किलोचा.