पाव्हण्यांपुढचं हसू

"हसा. पन बेतानं."

लग्नातला फोटोग्राफर वाटला ना? चुकलात. आता मी म्हणतो, हा माणूस परदेशी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेत होता. लगेच तुम्ही म्हणणार, मग खाल्ले असतील पैसे. परत चुकलात. तिसऱ्या वेळी देवमाणूस म्हणाल, म्हणून आधीच सांगून टाकतो, तसलंही काही नाही. काका चांगले थापाडे होते. फक्त त्यांच्या थापा गावासाठी असायच्या.

जामखेडकडच्या आमच्या कोरड्या पट्ट्यातल्या वाड्यांत संस्थेचं आरोग्याचं काम चालायचं. मी पथनाट्यात. नक्कल चांगली करतो म्हणून घेतलेलं, पण वाट्याला यायचा डास, नाहीतर जंत. काका आमचे सुपरवायझर, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. बुटके, घाईघाईनं चालणारे, खिशात कंगवा. पाहुणे यायच्या आधी तो कंगवा ते सरपंचाच्या डोक्यावरूनही फिरवायचे.

पैसे देणारे पाहुणे वर्षाकाठी काम बघायला यायचे. आदल्या दिवशी समाजमंदिरासमोर काका अख्ख्या गावाची तालीम घ्यायचे.

"लई हसलात तर पाव्हने म्हनतील, ह्यांचं भागलं. रडत बसलात तर म्हनतील, मग आमी इतके दिस केलं काय? मधलं तोंड करा."

मधलं तोंड म्हणजे कसं, ते स्वतः करून दाखवायचे. जावयानं पाचवी पोळी मागितली की सासूचं होतं ना, तसं. मी मागं उभा राहून तेच तोंड करायचो आणि बाया पदराआड हसायच्या.

"तू डास हायेस ना? मग डासावानी ऱ्हा. कडंला."

एकदा त्यांनी दोन धष्टपुष्ट जर्सी गायी शाळेमागं नेऊन बांधल्या आणि कुणाचीतरी नवी मोटरसायकल कडब्याखाली घातली. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि मागून गाय अशी हंबरली की दुभाषी पोरगी दचकली. एका पाहुणीनं विचारलं, गाय कुणाची? काका म्हणाले, "शेजारच्या वाडीची हाय. आमच्याकडं पाव्हनी आलीया, तुमच्यावानीच." पोरीनं ते इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण बाई शाळेमागं जाऊन गायीला हात जोडून आली.

एवढी सगळी धडपड कशासाठी, तर मंगळवारच्या गाडीसाठी. दर मंगळवारी संस्थेची व्हॅन वाडीत यायची. आत नर्सबाई, गोळ्या, रक्त तपासायचं सामान. पोटुशी बाई असो की बीपीचा म्हातारा, तपासणीला जामखेड गाठायची गरज नव्हती. ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या ट्रॅक्टरला काका आडवे जायचे आणि पोटुशी बायांच्या हातात रक्तवाढीच्या गोळ्या कोंबायचे. "कोयता इसरलीस तरी चालंल, ह्या इसरू नको."

आणि स्वतः? सुई दिसली की पसार. नर्सबाई मागं, काका पुढं, अशा व्हॅनभोवती फेऱ्या. ते बघायलाच निम्मं गाव जमायचं.

मग कळलं की तिकडचे पैसे देणारे लोक काम आवरतायत. कुठल्या वाडीत गाडी चालू ठेवायची ते ठरवायला एक पाहुणी येणार. तेव्हा कोंडाबाईची नातसून पोटुशी होती आणि तिच्या अंगात रक्त कमी. कोंडाबाई म्हणजे गावच्या आरोग्य समितीची म्हातारी अध्यक्ष. तिनं काकांना गाठलं.

"पोरगी मोकळी होईस्तवर तरी गाडी ऱ्हाऊ दे बाबा. काय बी सांग त्येंला."

"तू फकस्त मधलं तोंड कर, मावशे. बाकी माझ्यावर सोड."

पाहुणी आली. सगळं ठरल्यासारखं झालं. कोंडाबाई तर अशी बोलली की तालीम बघितलेल्या मलाही गलबलून आलं. चहा झाला. पाहुणी उठली आणि जाता जाता तिनं दुभाषी पोरीकरवी काकांना सहज विचारलं, "आम्ही नाही आलो, तर गाव हे सगळं सांभाळेल का?"

उत्तर पाठ होतं. 'अजून थोडी वर्सं हात पायजे.' मलासुद्धा पाठ होतं, काकांच्या आवाजासकट.

पण काकांनी मागं वळून बघितलं. पूर्वी दाराशी जमिनीवर बसणाऱ्या बाया आता खुर्च्यांवर बसल्या होत्या. कोंडाबाई सरपंचाला "सरक की तिकडं" म्हणत होती. दोन पोरी पोरांच्या वजनाचा काटा आवरत होत्या आणि काट्यातून काढलेलं एक गुबगुबीत पोरगं लाथा झाडत होतं. काका हसले. मधलं बिधलं नाही, पार दाढा दिसेपर्यंत.

"सांभाळंल की! न सांभाळाया काय झालं? आवो, ह्या बायांनी ग्रामसभंत उभं ऱ्हाऊन पान्याची टाकी धुऊन घेतली! असल्या बाया तुमच्या देशात बी नसतील!"

पोरीनं शब्दन्‌शब्द सांगितला. पाहुणीनं टाळ्या वाजवल्या. मी काकांकडं बघतच राहिलो. गावात मला कुणाचीही नक्कल जमते, ते हसू अजून जमलेलं नाही.

गाव स्वावलंबी ठरलं. गाडी बंद झाली, काकांची नोकरीही गेली. समिती अजून बसते, टाकी अजून धुतली जाते. काका खोटं काहीच बोलले नव्हते. पण समितीला सुई टोचता येत नाही. कोंडाबाईची नातसून प्रत्येक तपासणीला वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जामखेडला जायची, एकदा तर जीपमध्येच चक्कर येऊन पडली. मायलेकरं सुखरूप आहेत, पण ते दिवस त्या घराचे फार वाईट गेले.

काका आता राहुरीला लेकीकडं असतात. फोन उचलत नाहीत. मी त्यांच्याच आवाजात त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून बघितला. ऐकल्याची खूण आली, उत्तर नाही. एरवी "कडंला ऱ्हा" एवढं तरी म्हणाले असते.

राहुरीला जायच्या आधी, मंगळवारीच, ते वाडीत आले होते. गाडी येणार नाही हे माहीत असूनही बाया सवयीनं समाजमंदिरापाशी जमलेल्या. काकांना बघून कोंडाबाई उठली.

"तुला कुनी इचारलं हुतं गावाचा मोठेपना सांगाया?"

"खोटं बोलाया जीभच वळली न्हाई, मावशे."

"इतकी वर्सं बरी वळत हुती! नेमकं त्याच दिशी काय लकवा मारला तिला?"

काका खिशातला कंगवा चाचपत राहिले. मला वाटलं, संपलं. पण कोंडाबाईचा आवाज एकदम बारीक झाला.

"आन येक सांग. आमी येवढ्या भारी बाया हाय, ते त्या मडमेला सांगितलंस. आमाला कवा म्हनलास रं? येकदा तरी?"