हरेशचा पाय अनवाणी आहे का?

सीमेवर सुरुंगावर जवान हरेशचा डावा पाय गुडघ्याखालून गेला आणि आमच्या मोरिवली गावात त्याच्या नावाचे फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर रणगाडे, विमानं, एक वाघ आणि कोपऱ्यात हरेश. त्याच्यापेक्षा मोठा फोटो आमच्या उत्सव समितीचे अध्यक्ष राजेंद्रशेठ यांचा. शेठचे दोन्ही पाय शाबूत, पण चेहऱ्यावर दुःख हरेशपेक्षा जास्त.

पुण्याच्या लष्करी केंद्रातून हरेश परतला तो नवा पाय लावून, पँट-बुटात, आपला आपण जिना चढत. इथेच सगळा घोळ झाला. अंबरनाथच्या एका सत्कारात निवेदकाने त्याला कानात विचारलं, "कुबड्या नाही आणल्या? निदान पँट तरी जरा वर घ्या, मागच्या लोकांना दिसत नाही." हरेशने पँट वर घेतली नाही. टाळ्या बेताच्याच पडल्या. लोकांना वीर हवा असतो, पण तो धडधाकट चालत आला की त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

हरेशला शाल नकोच होती. त्याला गावदेवीची पालखी हवी होती. आमच्याकडे पालखीला घरटी खांदा ठरलेला असतो. पुढचा उजवा खांदा हरेशच्या घराचा. वडील कमळाकरकाकांचा खांदा आता निकामी झालेला, आणि हरेश एकुलता एक. खांदा एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही. चुलतभाऊ हितेश जिममध्ये दंड फुगवत त्याचीच वाट बघत होता.

पुण्यात प्रत्येक जवानाला विचारत, बरा होऊन काय करायचंय? कुणी म्हणे बाईक चालवायचीय, कुणी म्हणे पळायचंय. हरेश म्हणाला, पालखी उचलायचीय. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर वाळूची गोणी देऊन त्याला चालवलं. तुटल्या पायाचं टोक सोलवटून निघायचं. ते बरं झालं की पुन्हा गोणी.

पण पालखी अनवाणीच उचलतात आणि हरेशचा पाय रबराचा. मग तो पाय की पायताण? देवळात बैठक बसली. रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी गाव एवढं कधी जमलं नव्हतं.

सोवळ्याओवळ्यात गावात शेवटचा शब्द कौसाबाईंचा. त्या म्हणाल्या, "रबराचं हाय ना? मंग ती चप्पलच. देवलाच्या भायेर ठेवायची." हितेशने घाईघाईने मान डोलावली.

राजेंद्रशेठ गहिवरले. "ज्याने देशासाठी पाय दिला त्याला आपण चालवायचं? आपण हरेशभाऊला पालखीच्या पुढे ओपन जीपमध्ये बसवू. हातात तलवार देऊ!"

टाळ्या थांबेपर्यंत हरेश उभा राहिला होता. "मना बसून मिरवायचा नाय, शेठ. आनि ही चप्पल असंल, तर सव्वीस जानेवारीला तुमी शाल कनाला घातली? मानसाची चप्पल हरवली म्हनून?"

फ्लेक्स तर अजून देवळासमोरच लटकत होता. शेवटी समितीने मोठ्या मनाने तोडगा काढला: पाय चालेल, पण वर बूट नको. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारण एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं की तो पाय बुटाच्या टाचेच्या उंचीला बसवलेला आहे. बूट काढला की हरेश मागे कलतो. हितेशने नवं धोतर विकत आणलं.

हरेश पुण्याला गेला. तंत्रज्ञाने घोट्याचे स्क्रू फिरवून पाय अनवाणी चालण्याजोगा करून दिला. आता तो बूट घातला की पुढे झुकायचा. सत्काराचा फोन आला की तो सांगायचा, "बुटात तोल जातो, अनवाणी येऊ काय?" मग तिकडून पुन्हा फोन यायचा नाही.

जत्रेच्या दिवशी पालखी उठली. पुढच्या उजव्या खांद्यावर हरेश. कमळाकरकाका बाजूने चालत होते आणि देवीकडे न बघता लेकाच्या पायांकडे बघत होते. हितेश लागूनच चालत होता, न जाणो, गरज पडलीच तर!

पहिलं दार कौसाबाईंचं. दारात पालखी थांबली की घरच्या बाईने भोयांचे पाय हळदीच्या पाण्याने धुवायचे, ही आमची रीत. कौसाबाई कळशी घेऊन वाकल्या. हरेशचा उजवा पाय धुतला. डाव्याशी त्यांचा हात थांबला. पालखीपुढे वाजणारा बेंजो थांबला. सगळा गाव त्या रबरी बोटांकडे बघत राहिला. राजेंद्रशेठनी खिशातला मोबाईल बाहेर काढला.

बाईंनी डाव्या पायावर थोडं पाणी सोडलं आणि चाचरत विचारलं, "थंड लागतंय काय रं, पोरा?"

"लागतंय, काकी."

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारीचं मन राखतोय. पण हरेश खरंच सांगत होता. सुरुंगावर राहिलेली ती पाचही बोटं त्याला आत्ता ओली लागत होती, आणि खांद्यावर पालखी असल्यामुळे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. कौसाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी आपल्या पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग खाली बसून कळशीतलं उरलेलं सगळं पाणी त्याच पायावर ओतलं.