सतरा प्रयोगवह्या

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. अक्षरही वाकडे आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले आहे आणि हे लिहितानाही हात अवघडतो आहे. पण भाऊंबद्दल लिहायचे आहे. ते असते तर लिहायच्या आधी त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला असता. "आधी फॉर्म, मग काम," असे ते म्हणत, आणि चष्म्याची काडी कागदावर टेकवून सही कुठे करायची ते दाखवत.

सुरतेत उधन्याकडे आमची मराठी शाळा होती. मी तिथे झाडलोट करायला आणि पाणी भरायला होते. भाऊ विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटे, एक सूक्ष्मदर्शक आणि कडा फाटलेले चार तक्ते. सामान एवढेसे, पण त्यासाठी भाऊंनी स्वतः आखून काढलेले नऊ प्रकारचे फॉर्म होते. भिंग नेण्याचा वेगळा, नळी फोडल्याचा वेगळा. नळी फोडलेल्या एका मुलाने कारणाच्या रकान्यात 'हातातून' असे लिहिले. भाऊंनी कागद परत दिला. म्हणाले, हे ठिकाण झाले, आता कारण लिही. मुख्याध्यापकांनी एकदा मुलाचा ताप बघायला तिथला थर्मामीटर मागितला, तर त्यांनाही सही करावी लागली. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. लोक त्याला हसतात आणि त्याच्याच रांगेत उभे राहतात.

मी एकदा खिडक्या पुसायला त्यांच्याकडची जुनी बरणी मागितली. त्यांनी फॉर्म पुढे केला. मी घाबरून गेले. वीस वर्षांत मी पेन धरले नव्हते. मी म्हटले, राहू द्या, बरणी नको. भाऊ आमच्याच खानदेशातले, अमळनेरकडचे. हळूच म्हणाले, "लिख ना व ताई, तुले येस." मग ते पाठ फिरवून कपाट आवरत बसले. माझे नाव लिहून होईपर्यंत त्यांनी मागे पाहिले नाही.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. दहावीच्या मुलांना प्रयोगवहीत हृदयाची आकृती काढायची होती. पुस्तकातली आकृती बोटाएवढी, आणि तक्ता एकच. मुलांनी काढलेली हृदये बटाट्यासारखी दिसत. भाऊंना माहीत होते की मी घरी साड्यांवर नक्षी छापते. त्यासाठी आम्ही पातळ कागदावर आकृती काढून रेघेरेघेवर सुईने भोके पाडतो. तो कागद कापडावर ठेवून वरून निळीची पूड फिरवली की खाली ठिपक्यांची नक्षी उतरते. त्या कागदाला खाका म्हणतात. भाऊंनी विचारले, हृदयाचा खाका होईल का? मला आतून फार बरे वाटले. शाळेतल्या कोणी माझ्याकडे झाडूशिवाय दुसरे काम मागितले नव्हते.

तक्त्यावरून मी खाका केला आणि चौतीस वह्यांवर ठिपके उतरवून दिले. त्यांवरून मुलांनी पेन्सिल फिरवली. भागांची नावे तक्त्यावर ज्या बाजूला होती, त्याच बाजूला लिहिली. माझी मंगल त्याच वर्गात होती. ती घरी म्हणाली, आई, या वर्षी सगळ्यांची हृदये सारखी आली. भाऊंनी वह्या मोजून घेतल्या. आत उघडून पाहिले नाही.

तपासणीला दुसऱ्या शाळेचे एक सर आले. त्यांची सही झाली नाही तर मुलांना प्रॅक्टिकलचे गुण मिळणार नव्हते. मी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होते. सरांनी एक वही पाहिली, दुसरी पाहिली, मग दोन्ही शेजारी ठेवल्या. म्हणाले, "तुमच्या शाळेत अर्ध्या मुलांचं हृदय उजवीकडे आहे का?"

मला एकदम कळले. साडीचा एक काठ झाला की आम्ही खाका पालटतो, म्हणजे दुसऱ्या काठावरची वेल समोरून येते. सतरा वह्या झाल्यावर माझ्या हातांनी सवयीने कागद पालटला होता. वेलीला डावे-उजवे नसते. हृदयाला असते, हे मला माहीत नव्हते.

मुख्याध्यापक लाल झाले. हा उद्योग कोणाचा, असे त्यांनी विचारले. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते म्हणाले, "कागद मी पालटला, सर."

एका नळीचे अर्धवट कारणही चालवून न घेणारा माणूस सगळ्यांदेखत खोटे बोलला होता, आणि मी ट्रे घेऊन नुसती उभी होते.

पान फाडलेली वही चालत नव्हती. सतरा नव्या वह्या घ्याव्या लागल्या. एकीचे वीस रुपये, म्हणजे तीनशे चाळीस. ते भाऊंच्या पगारातून कापले गेले. मुलांनी चार दिवस बसून सगळे पुन्हा लिहिले. त्या सतरांत मंगलही होती. मी तिलाही काही सांगितले नाही. सरांनी येऊन सह्या केल्या, मुले परीक्षेला बसली आणि मे महिन्यात भाऊ निवृत्त होऊन मुलाकडे कामरेजला गेले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्यासमोर गेलेच नाही. पाणी भरत राहिले.

त्यानंतर माझे जेवणात लक्ष लागेना. मंगलचे वडील कडोदऱ्याला लूमवर कामाला होते. त्यांना न सांगता मी छापायला जास्तीच्या साड्या घेतल्या. एकशे चाळीस रुपये जमले तेव्हा बस धरून कामरेजला गेले. वाटेत मनाशी घोकले होते. भाऊ नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, मग ते हसून परत करतील. आपल्यात असेच होते.

भाऊ ओट्यावर बसले होते. मी पैसे पुढे ठेवले आणि खाली बघत म्हटले, "खाका मी पालटला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी नोटा उचलल्या, मोजल्या आणि खिशात घातल्या. "दोनशे राहिले."

मला धक्काच बसला. खरे सांगायचे तर रागही आला. भाऊंना तो दिसला असावा. गंभीर बोलायचे असले की ते अहिराणी सोडून पुस्तकातली मराठी बोलत. तसेच बोलले. "तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी काढलं असतं. मी मे महिन्यात निघणारच होतो. पण तुमची नोकरी वाचवली म्हणून तुमची चूक माझी होत नाही."

बसमध्ये मी रडले. मग कडोदरा मागे पडल्यावर, का कोण जाणे, मला हलके वाटायला लागले. मला गरीब समजून सोडून न देणारा पहिलाच माणूस भेटला होता.

दिवाळीच्या आधी मी शंभर नेऊन दिले. त्यांनी मोजले, पाणी विचारले. घरी येऊन मी मंगलला सगळे सांगितले. ती म्हणाली, आई, तू हे बोललीस? समोर जाऊन?

शेवटचे शंभर न्यायला मला फाल्गुन उजाडला. भाऊ खाटेवर होते. पाय सुजलेले, आवाज बारीक झालेला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. पण खाटेशी उभी असताना मला वाटले, या माणसाकडून आता कसले पैसे मोजायचे? मी नोटा उशाशी ठेवायला गेले. त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. दहा-दहाच्या दहा नोटा होत्या. बोटे थरथरत होती, म्हणून पाचव्या नोटेशी ते चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. त्यांची सून दारात येऊन उभी राहिली. कोणीच घाई केली नाही.

"पूर्ण आले," भाऊ म्हणाले.