खडकावरचे दिवे

मंगळवारी संध्याकाळी आमच्या बंदरावर, खडकाच्या टोकाशी बांधलेल्या नव्या हॉटेलच्या गच्चीवर पहिल्यांदा दिवे लागले. सुलभाचे वडील आदल्याच दिवशी होडी घेऊन दर्यावर गेले होते. आज, गुरुवारी रात्री, ते परतायचे आहेत.

अंधारात परतणारे इथले लोक किनाऱ्यावरचा एकच दिवा शोधतात, देवळाच्या दीपमाळेवरचा. होडीचं तोंड त्या दिव्याकडे ठेवलं की खडक बाजूला राहतात आणि खाडी सापडते. आता त्याहून मोठा उजेड खडकावरच आहे, आणि सुलभाच्या वडिलांना ते माहीत नाही.

सुलभाची आई वाळूत उभी होती. "गावाचं भलं झालं, काकी. पोरीला घराजवळच, हॉटेलात नोकरी लागली," टपरीवाला म्हणाला.

"लागली ना. आता तू दर्यावर जा, आणि तिथून देवाचा दिवा ओळखून दाखव."



नोकरी खरी आहे, डांबरी रस्ताही खरा आहे. गावाने उजेडच मागितला होता. अंधारही आपल्या कामाचा होता हे तो गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून समुद्राकडे पाहायची धास्ती वाटते.

सुलभा कामाला निघाली. गच्चीचे दिवे लावणं तिच्याकडेच आहे.

"आजचा दिवस नको लावू गो."

"सायबांना विचारलं, आई. पाहुणे त्यासाठीच येतात म्हणाले."

सूर्य बुडाला. गुरवाने दीपमाळेवर दिवा ठेवला. थोड्या वेळाने गच्चीवरचे दिवे लागले. होडी अजून आलेली नव्हती.