खांबावरची गोधडी

गेल्या मंगळवारी, भरदुपारी, आमच्या पाड्यावर सखूमावशीची बोटं बुटाखाली चेचली गेली. बूट सौरदिव्याच्या ठेकेदाराच्या माणसाचा होता.

देणगीदारांनी पाठवलेले पाहुणे दिवा तपासायला आले होते. उन्हात तो पेटत नाही, म्हणून त्या माणसाने मावशीचीच गोधडी मागून वरच्या पॅनेलवर टाकली. पॅनेलला रात्र झाली, दिवा लागला, टाळ्या पडल्या. पाहुण्यांची गाडी वळताच तो खांबाच्या बुंध्याशी बसून बॅटरी काढू लागला. पुढच्या पाड्यावरही तीच लावून दिवा दाखवायचा होता.

मावशीने बॅटरी धरून ठेवली. "मुडद्या, तुझ्या बापाची आहे का? सून बाळंत व्हायचीय माझी, अंधारात होऊ दे?"

"सोड, म्हातारे!" म्हणत त्याने तिच्या बोटांवर पाय दिला आणि बॅटरी घेऊन गेला.

गोधडी अजून वरच फडफडते आहे. खाली रक्त सुकलंय. ज्यांना आमची रात्र बघायचीच नाही, ते दुपारीच अंधार पांघरतात आणि त्यालाच आमचा उजेड म्हणतात.

तुम्ही या दिव्यांना पैसे दिलेत ना? मग सुनेचे दिवस भरायच्या आत या. अंधार पडल्यावर या, आणि दिव्याची बॅटरी घेऊनच या.